साल कुणाला द्यायचं

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी घरातल्या बाईमाणसाला काम सांगायचं नाही, हा नियम माझ्या सासूचा. मी तो पाळते, पण लेकींपुरताच. सुनांना त्यात धरलं तर पुरणपोळ्या कोण करील? सुलक्षणा हे मला तोंडावर कधी म्हणालेली नाही. खापरावर ती पोळी कशी टाकते, त्यावरून मला कळतं.

या आखाजीला धाकट्या नवलची बायको माहेरी गेली होती. जावंच, सण आहे. सुलक्षणाला जायला माहेर उरलं नाही. आईबाप गेले, भाऊ सुरतेला एका खोलीत संसार करतो. म्हणून चूल तिच्याकडे. तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला प्रेमराज, बापाच्या नावाची घागर भरून, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून, हात जोडून जरा जास्तच वेळ बसला होता. बाप जिवंत असताना त्याच्याशी जेवढं बोलला नाही तेवढं आता घागरीशी बोलतो. नवल धुळ्याहून आदल्या दिवशीच आला होता आणि ओट्यावर पत्ते पिसत होता. पुरुषांनी आखाजीला पत्ते खेळायचे, हाही नियमच. तो मात्र कुणी विसरत नाही. माझी लेक रत्ना, नशिराबादला दिलेली, बाजेवर पाय पसरून सांजोरी खात होती. आणि प्रेमराजची ऋतिका लिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसली होती, झोका न घेता.

झोक्यावर बसून झोका न घेणारी पोर मला बघवत नाही.

ती धुळ्याच्या शेतकी कॉलेजातून पास होऊन घरी आली त्याला वर्ष झालं. वर्षभर हातात फोन आणि तोंडात एकच, "अजून काही आलं नाही." शेवटी नवलनं जागा आणली. त्याच्या ऑफिसात, ठेकेदाराच्या हाताखाली, कॉम्प्युटरपुढे बसून लोकांचे उतारे भरायचे. खुर्ची आहे, पंखा आहे, काकाचं घर चालत जाण्याइतकं जवळ. ठेकेदाराला सोमवारी हो किंवा नाही सांगायचं होतं, आणि त्या दिवशी शुक्रवार. जेवणं झाली की सगळ्यांनी बसून ते ठरवायचं, असं मी सकाळीच सांगून ठेवलेलं.

पण आधी फोन वाजला.

ऋतिकाचा फोन एकदा गुरांच्या हौदात पडला. तेव्हापासून तो कानाशी धरून ऐकू येत नाही. कुणीही बोलो, सगळं अंगण ऐकतं.

"ऋतिका प्रेमराज बोरसे का? मी जळगावहून बोलतेय, केळीच्या रोपांच्या कंपनीतून."

पत्ते थांबले. रत्नानं सांजोरी खाली ठेवली.

"हो मॅडम. बोला मॅडम."

"तुमचे आमच्याकडे तीन अर्ज आलेत. एक प्रयोगशाळेसाठी, एक विक्रीसाठी, एक गोदाम सांभाळायला. तुम्हाला नेमकं कुठलं काम हवंय?"

ऋतिकानं आधी ओट्याकडे पाहिलं, मग बाजेकडे. "मॅडम... कोणतंही चालेल."

"आमच्याकडे काय काय काम चालतं, माहीत आहे?"

"केळी... म्हणजे केळीची रोपं, मॅडम."

"ते तर मीच आत्ता सांगितलं." बाई रागावली नव्हती, तेच वाईट होतं. "बरं. लागलं तर कळवू. सणाचं जेवा."

आणि बंद.

ऋतिका झोक्यावरून उतरली. "तीन अर्ज? मी एकच केला होता. बाकीचे कुणी केले?"

ओट्यावर कुणी खोकलं.

हे असं आमच्याच घरात होऊ शकतं. मिरचीची लावणी निघाली की आमचं सगळं घर वाफ्यात उतरतं, ज्याच्या हाताला जे रोप लागेल ते तो खोचतो. होळीला सगळे जमले तेव्हा रत्नाच्या तेजसनं, तो जळगावला इंजिनीअर व्हायला बसलाय, ऋतिकाची माहिती एका फायलीत बसवली आणि घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर पाठवली. जिथे जागा दिसेल तिथे टाका, म्हणाला. मग काय! नवल ऑफिसातून टाकायचा. रत्ना दुपारची भांडी झाली की टाकायची. प्रेमराजला इंग्रजी येत नाही, तो नुसतं हिरवं बटण बघून दाबायचा. औषधं म्हणू नका, विमा म्हणू नका, सिमेंट म्हणू नका. कुणी कुठे काय टाकलं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. माया एवढी की विचारायला वेळच नव्हता.

"गोदामाचा माझा असेल," नवल म्हणाला. "म्हटलं, पोरीला पोती थोडीच उचलायचीत, नुसतं लिहायचं."

"विक्रीचा मी गं," रत्ना म्हणाली. "ते सगळ्यात वर होतं."

"आत्या, एवढ्या सगळ्यांत मला हीच एक कंपनी हवी होती!"

हे ती पहिल्यांदा बोलली. वर्षभर आम्ही सगळे तिच्यासाठी धावत होतो, आणि तिला कुठे जायचंय हे आज कळत होतं.

"मग त्या बाईला तसं का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "कोणतंही चालेल म्हणे! अगं, दारात आलेला भिकारीसुद्धा शिळं नको म्हणून सांगतो."

"माय, आज सण आहे," प्रेमराज घागरीपासून म्हणाला.

"सण आहे म्हणूनच एवढ्यावर थांबले."

ऋतिका रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती आत गेली.

नवल पत्ते गोळा करू लागला. "मी म्हणत होतो ना, माय. बाहेर आपलं कोण आहे? कोण विचारतंय? सोमवारी चल म्हणावं माझ्याबरोबर."

नवलला लोक कोरडा समजतात. तो कोरडा नाही, तो भ्यालेला आहे. ऋतिका कॉलेजला त्याच्याच घरी राहिली, तिला धुळ्याच्या रस्त्यावर स्कूटर त्यानं शिकवली, मागे धावत. तिला एखादी गाडी घासून गेली तर आपल्याला भावाला तोंड दाखवता येणार नाही, असं त्याला तेव्हा वाटायचं, आणि आता तेच नोकरीचं वाटतं. स्वतः तो तरणा असताना बरीच वर्षं दारोदार फिरला. जी पहिली खुर्ची मिळाली तिच्यात बसला, आणि कुणी उठवू नये म्हणून आजवर हलला नाही. पोरीलाही तो तशीच खुर्ची देत होता. त्याच्याकडे देण्यासारखं तेच होतं.

"जाऊ दे सोमवारी तिला," मी म्हणाले. माझंही मत तेच. धुळं जवळ आहे. शनिवारी एस.टी.त बसली की दिवेलागणीला घरी. माझी नात माझ्या डोळ्यांपुढे राहील, एवढं मला पुष्कळ होतं.

प्रेमराजनं मान हलवली. प्रेमराजनं मान हलवली की नवलला वाटतं ठरलं. मी त्या मानेला जन्म दिलाय, मला तसं वाटत नाही.

पानं वाढायच्या आत निंबा आला.

आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं. आमचा झिपरू थकला, आता लेकाकडे सुरतेला निघाला. मला नवा माणूस हवा होता. हल्ली सालदार मिळतो कुठे? मिळाला तर जावयासारखा बसतो. सकाळी वरच्या गावचा रुपचंद येऊन गेला होता. ट्रॅक्टर? चालवतो. दूध? काढतो. फवारणी? करतो. विहिरीत उतरतोस? उतरतो. त्याला मी चहा पाजला आणि 'बघू' म्हणाले.

निंबा तिशीतला, डोक्याला रुमाल, नदीपलीकडच्या गावचा. तो ओट्याकडे आलाच नाही. सरळ गोठ्यात गेला, गव्हाणीत हात फिरवला, आणि मग माझ्यापुढे उभा राहिला.

"काय हारपनं रे तुन्हं गोठामा?" मी विचारलं.

"काही नही अक्का. गव्हाण देखी. मांगला महिनामा बी देखी व्हती. तव्हय बी झाडेल व्हती, आज बी झाडेल शे."

मागच्या महिन्यात! तहान लागली म्हणून आला होता म्हणे, सुलक्षणानं पाणी दिलं, आणि पाणी पिता पिता हा माझा गोठा तपासून गेला. मग एकेक बाहेर यायला लागलं. पिठाच्या गिरणीवर यानं आमच्याबद्दल विचारलेलं. झिपरूच्या घरी जाऊन बसलेला. गुरांच्या डॉक्टरला गाठून, बोरसेंच्या म्हशी आजारी पडल्या तर डॉक्टरला कधी बोलावतात, लगेच का मरायला टेकल्यावर, हेसुद्धा विचारून आलेला.

माझं डोकं तापलं. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून आमची चौकशी फक्त सोयरीक करणाऱ्यांनी केली आहे. "का रे, पोरगी दी राहिना का मन्हा घरमा? एवढी चौकशी कसानी?"

"पोरगी नही, अक्का. साल देस. मन्हं एक साल. ते वापस येस का?"

मी पदर खोचून आणखी पुढे आले.

"मग काय सांगं गावनी?"

"तुमनं तोंड कडू शे, पन भाकर गोड शे."

नवल खदाखदा हसला. मी वळून पाहिलं तेव्हा थांबला.

निंबानं पुढं स्वतःच सांगितलं. ट्रॅक्टर आणि ठिबक त्याच्याकडे राहील, त्यात कुणी मध्ये बोलायचं नाही. दूध तो काढणार नाही, म्हशी त्याच्या हाताला पान्हा सोडत नाहीत. मी म्हणाले, बोलायचं नाही म्हणजे काय, वावर माझं आहे. तो म्हणाला, वावर तुमचं आणि नळ्या माझ्या. बराच वेळ आम्ही भांडलो. भांडण मजेचं होतं. शेवटी साल ठरल्याचा गूळ मी त्याच्या हातावर ठेवला, आणि त्यानं खाल्ला.

तो गेल्यावर मागून आवाज आला. ऋतिका दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "मोठी माय, रुपचंद तर सगळंच करतो म्हणाला होता. मग त्याला का नाही ठेवलं?"

"सगळं करतो म्हणणाऱ्याला मी उभं कुठे करू? म्हशीखाली का विहिरीत? सकाळपासून तो साऱ्या आळीची दारं करत आलेला. माझ्या दारात उभा राहिला तेव्हा हे घर कुणाचं, तेही त्याच्या ध्यानात नव्हतं. मला 'पाटीलबाई' म्हणाला. निंबाला कुठे उभं करायचं, ते निंबानंच सांगितलं. माझं डोकं वाचलं."

ती चौकट सोडून पुढे आली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे त्या बाईला मी रुपचंद वाटले."

"रुपचंदानं निदान चहा तरी घेतला," मी म्हणाले.

आणि वर्षभरानं पोर हसली. थोडंसंच, एका गालानं.

जेवणं झाली. आमरस, पोळ्या, रशी, कुरडया. नवलनं रशीची तारीफ केली, म्हणजे सुलक्षणाला आपल्या बाजूला ओढायचं होतं. सुलक्षणा 'हं' म्हणाली. तिचा 'हं' कुठल्या बाजूचा असतो, ते या घरात कुणाला अजून कळलेलं नाही.

नंतर चुलीजवळ जे झालं तिथे मी नव्हते. पण रत्ना होती, आणि रत्नाच्या पोटात काही राहत नाही.

ऋतिका आईजवळ जाऊन बसली. "आई, मला नेमकं काय येतं गं?"

सुलक्षणा राखेनं पातेलं घासत होती. कुणी तिला काही विचारेल याची सवय नसल्यानं तिनं आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आहे का म्हणून. मग म्हणाली, "तुला रोपं जगवता येतात."

"ते काय, सगळ्यांनाच येतं."

"मला नाही येत. तुझ्या बापाला नाही येत. गेल्या वर्षी मिरचीची रोपं आणली तेव्हा तू ती लगेच लावू दिली नाहीस. आठवतं? रोज थोडं पाणी तोडायचीस, रोज थोडी सावली काढायचीस. मला वाटायचं, पोर रोपांना छळतेय. मग लावली. शेजारच्या वावरातल्या रोपांनी माना टाकल्या, आपली तशीच उभी. मी तेव्हाच बोलणार होते. पण या घरात बोलायला जागा कुठे मिळते?"

हे शेवटचं वाक्य रत्नानं मला मुद्दाम दोनदा सांगितलं.

ऋतिका पुढे सरकली. "आई, त्याचा वेगळा अभ्यास असतो. केळीची रोपं बाटलीत करतात ना, ती फार लाडावलेली असतात. बाहेर काढली की मरतात. त्यांना हळूहळू ऊन शिकवायचं असतं, सावलीच्या जाळीखाली ठेवून. मला ते काम हवंय. बाटल्यांचं नकोय. पांढरा कोट घालून बंद खोलीत मला दिवस काढवणार नाही."

"मग प्रयोगशाळेचा अर्ज का केलास?" रत्नानं विचारलं.

"जागा तीच निघाली होती."

"म्हणजे तुझाही चुकलाच की गं!"

ऋतिकानं कपाळाला हात लावला. "माझाही चुकलाच."

तिघी हसल्या. ते हसू मला ओट्यावर ऐकू आलं आणि माझ्या जिवाला लागलं, कारण मी त्यात नव्हते.

रत्ना सकाळपासून नवलच्या बाजूनं होती. माहेरी आलेल्या लेकीला भांडण नको असतं, झोप हवी असते. पण तिच्या सासरी केळी आहे. उन्हाळ्याच्या तोंडी नवी रोपं करपली की तिचा नवरा जेवत नाही, आणि न जेवणाऱ्या नवऱ्याचा त्रास तिला कुणी सांगायला नको. तिनं तिथूनच बेबाबाईला फोन लावला. बेबाबाई नशिराबादच्या बायकांची टोळी घेऊन आसपासच्या रोपवाटिकांत कामाला जाते. कोणाच्या जाळीत काय चाललंय ते तिला त्या जाळीच्या मालकापेक्षा आधी कळतं.

तिनं भडाभडा सांगितलं. हायवेजवळ एक ठिकाण आहे, शिकलेल्या पोरी घेतात आणि हंगाम सरला की घरी पाठवतात, तिथे जाऊ नका. दुसरीकडे मालकाचा भाचाच सगळं बघतो, परक्याला पुढे येऊ देत नाही. आणि सकाळी फोन आलेली कंपनी? तिथल्या जाळीत दरवर्षी या दिवसांत रोपं करपतात, बायकांना शिव्या बसतात, पण तिथली मोठी मॅडम स्वतः चिखलात उतरते आणि माणसं टिकतात. "तापट आहे," बेबाबाई म्हणाली, "पण खोटी नाही."

ऋतिकानं एकेक गोष्ट पुन्हा विचारून घेतली. कोणत्या वेळेला करपतात, पाणी कोण देतं, जाळी कधी बदलली. रत्ना म्हणते, पोरीचा आवाजच बदलला होता.

ऊन कलल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात ऋतिका म्हणाली, "मोठी माय, मी सोमवारी काकांबरोबर जाणार नाही."

नवलनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मग काय करणार?" त्यानं विचारलं. "आणखी शंभर ठिकाणी टाकणार?"

"एकाही ठिकाणी नाही. आधी आत्याबरोबर नशिराबादला जाणार. जिथे जाळीचं काम आहे ती ठिकाणं बघणार, तिथल्या माणसांशी बोलणार. कुठे माणूस टिकतो, कुठे नुसता राबवतात, ते कळलं की दोन-तीन जागा धरणार. तिथे काय अडतंय आणि त्यातलं मला काय जमतं, हे सांगता आलं की मगच अर्ज. माझ्या हातानं."

"वा! म्हणजे आधी फिरायचं, मग मागायचं. आणि तोवर हातातली जागा गेली तर?"

"जाईल, काका."

"जाईल म्हणते! त्या ठेकेदाराच्या किती वेळा पाया पडलोय मी, माहीत आहे?"

"म्हणूनच नाही म्हणते. तुमच्या शब्दावर बसले आणि दोन महिन्यांत कंटाळून उठले, तर त्याच्यापुढे मान खाली कोणाची जाईल? तुमची."

हे नवलच्या हिशोबात नव्हतं.

मग प्रेमराज उठला. मला वाटलं पुन्हा घागरीकडे चालला. तो लेकीजवळ आला आणि आपला फोन तिच्यापुढे धरला. "ती फाईल काढून टाक यातनं. दिसली की माझा हात जातो बटणावर." घरात सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसानं बाजू बदलली ती अशी.

"दादा, तू पण?" नवल म्हणाला.

"मला कळत नव्हतं रे मी काय दाबतोय ते," प्रेमराज म्हणाला. "एवढं कळत होतं की काहीतरी करायला पाहिजे."

आता सगळे माझ्याकडे बघू लागले. खरं सांगते, मला ती धुळ्यालाच हवी होती. नशिराबाद-जळगाव म्हणजे शनिवारची एस.टी. नाही; महिना-महिना तोंड दिसणार नाही. पण सकाळी एका परक्या बाईपुढे माझ्या नातीचा आवाज असा बारीक झालेला मी ऐकला होता, आणि आता हा ऐकत होते. दोन्ही एकाच गळ्यातले.

"बैलपोळ्यापर्यंत," मी म्हणाले. "पोळ्यापर्यंत कुणी तिला काही विचारायचं नाही. आणि कुणी काही टाकायचं नाही. रत्ना, तूसुद्धा."

"आणि पोळ्याला काहीच हातात नसलं तर?" नवलनं विचारलं. उत्तराला थांबलाही नाही. तो चपला घालून शेजाऱ्यांकडे पत्त्यांना गेला आणि सायंकाळच्या चहालाही आला नाही. गौराईच्या झोक्यांवर पोरी बसल्या, गाणी झाली, ऋतिकानं एवढा उंच झोका घेतला की सुलक्षणा ओरडली. नवलनं ते पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी तो पिशवी भरून अंगणात उभा होता. तिकडे रत्नाची बांधाबांध चालू होती. ऋतिका लिंबाखाली आली, केस बांधले, आणि फोन लावला. आत जाऊन लावायला हवा होता, पण अंगणाखेरीज कुठे आवाज नीट लागत नाही. त्यामुळे सगळ्यांनी आपापल्या जागी काहीतरी काम शोधलं. सुलक्षणा तर झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागली.

"मॅडम, मी ऋतिका बोरसे. काल आखाजीला तुमचा फोन आला होता. मी बरोबर उत्तर दिलं नाही. माझे तिन्ही अर्ज काढून टाका."

नवलच्या हातातली पिशवी खाली टेकली.

"तिन्ही?" बाई म्हणाली.

"हो. दोन घरच्यांनी मायेनं केले. तिसरा मी चौकशी न करता केला. मला बाटल्यांचं काम नको, मॅडम, मला जाळीतलं जमतं. रोपांना उन्हाची सवय लावण्याचं. कॉलेजात तेच केलंय, घरी मिरचीवर करून बघितलंय. तुमच्याकडे या दिवसांत जाळीत रोपं करपतात असं ऐकलं."

"कोणी सांगितलं?"

"नाव नाही सांगणार, मॅडम."

रत्नानं देवाला हात जोडले, तेही बेबाबाईसाठी.

"तिथे आमची जागा निघालेली नाही," बाई म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून अर्ज नाही केला. काम मागायच्या आधी मला ती जाळी बघायची आहे. करपतात ते दुपारी का सकाळी, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळेल. येऊ का?"

पलीकडे कुणीतरी कुणाला पाणी बंद करायला सांगितलं. मग बाईचा आवाज परत आला. या वेळी त्यात घाई होती, आणि घाई मला आवडली.

"सोमवारी सकाळी या, ऊन चढायच्या आत. मी जाळीतच असते. चिखल असतो, चप्पल चालणार नाही. बंद बूट घालून या."

फोन बंद झाला. ऋतिका तो हातात धरून तशीच उभी. सोमवार म्हटल्याबरोबर सगळ्यांचे डोळे नवलकडे गेले होते. त्या ठेकेदारासमोर 'नाही' त्याला एकट्यालाच जाऊन म्हणायचं होतं.

नवलनं ऋतिकाच्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं.

"बूट आहेत का तुझ्याकडे?" त्यानं विचारलं.

"नाहीत, काका."

"माप काय?"

"माहीत नाही. कधी घातलेच नाहीत."

त्यानं वर हात करून लिंबाची एक काडी मोडली. "पाय पुढे कर." तो पँट सावरत खाली बसला, काडी तिच्या टाचेला टेकवली, अंगठ्यापाशी नखानं खूण केली आणि तिथे ती टचकन तोडली. मग उठला आणि ती काडी शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवली.

"तू बॅग भर," तो म्हणाला. "शिंदखेड्याच्या बाजारात जाऊन येतो. तुमच्या गाडीआधी स्टँडवर असेन."

तो फाटकाबाहेर पडला तेव्हा मी ओट्यावरून ओरडले, "मोज्यांची जागा धर रे त्यात!"

त्यानं मागे न बघता हात वर केला.